आई-बाबांची क्रूझ ठरवताना

सत्तरीतल्या आई-वडिलांना जग दाखवायचं असेल तर क्रूझसारखी सोय दुसरी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बसच्या सहलीत पहाटे पाचला उठून बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, दिवसभर बसमध्ये बसायचं, रात्री नव्या हॉटेलात पुन्हा बॅगा उघडायच्या. तिसऱ्या दिवशी माणूस गळून जातो. जहाजावर बॅग एकदाच उघडायची. रात्री झोपायचं आणि सकाळी पडदा सारला की समोर नवं गाव. एखाद्या दिवशी गुडघ्यांनी दगा दिला तर खाली उतरायचंच नाही, चहा घेऊन डेकवर बसायचं. स्वच्छतागृह जवळ, जेवण वेळेवर, डॉक्टर जहाजावरच. अमेरिकेत राहणारी मराठी मुलं आई-बाबा आले की अलास्काची किंवा कॅरिबियनची क्रूझ ठरवतात ती यामुळेच. सिंगापूरहून तीन-चार रात्रींची, किंवा मुंबईहून गोवा-लक्षद्वीपची फेरी करणारी मंडळीही आता बरीच दिसतात.

मात्र ही सुट्टी सुखाची होणार की नाही, याचा बराचसा निकाल जहाजावर पाऊल ठेवण्याआधीच लागलेला असतो. मार्ग कुठला, महिना कुठला, खोली कुठे, कागद पुरे आहेत का. हॉटेल आवडलं नाही तर दुसरं पाहता येतं. समुद्रात ती सोय नाही. बहुतेक जण जहाजावरचे तलाव, घसरगुंड्या आणि नाट्यगृहं यांचे फोटो पाहून तिकीट काढतात. माझा आग्रह असा, की फोटो बाजूला ठेवावेत आणि आधी नकाशा नि वेळापत्रक उघडावं.

ज्येष्ठांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बोट लागेल का? आणि त्याच्या मागे, न बोललेला दुसरा: बुडणार तर नाही ना? कोकणातल्या घरांत रामदास बोटीची आठवण अजून निघते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट ऐन पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ज्यांनी ही गोष्ट लहानपणी ऐकली, त्यांच्या मनातली भीती हसण्यावारी नेऊ नये. त्यांना आजच्या जहाजाचा आकार समजावून सांगावा. २०२४ साली सेवेत आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज सुमारे ३६५ मीटर लांब आहे, त्याला २० डेक आहेत. एवढ्या मोठ्या जहाजाला साध्या लाटा जाणवतही नाहीत. शिवाय पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात. जहाज डावी-उजवीकडे कलायला लागलं की ते फिरतात आणि झोल कमी करतात. नाक वर-खाली होण्याची हालचाल मात्र ते थांबवू शकत नाहीत, आणि त्रास बहुतेक तिचाच होतो.

म्हणून खोलीची जागा महत्त्वाची. जहाज लाटेवर वर-खाली होतं तेव्हा त्याचा मध्य सर्वांत कमी हलतो आणि दोन्ही टोकं सर्वांत जास्त. उंचावरच्या डेकवर कलणं जास्त जाणवतं, खाली कमी. तेव्हा ज्याला बोट लागते त्याने लांबीच्या मधोमध आणि खालच्या किंवा मधल्या डेकवरची खोली घ्यावी. अगदी पुढची खोली स्वस्त मिळते. पण तिथे लाटा अधिक लागतात, आणि खालच्या डेकवर असेल तर बंदरात शिरताना नांगराची साखळी आणि पुढच्या भागातली यंत्रं पहाटेच जागं करतात. खोली निवडताना डेकचा नकाशा घेऊन वर आणि खाली काय आहे ते बघावं. वर तलावाचा डेक असेल तर भल्या सकाळी खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील ती जागा सर्वांत शांत. आणि चालणं कष्टाचं असेल तर खोली लिफ्टच्या जवळ घ्यावी, कारण मोठ्या जहाजावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर चांगलं दमवतं. ‘गॅरंटी’ नावाचं स्वस्त तिकीट मिळतं, त्यात खोली कंपनी ठरवते. तरुणांनी खुशाल घ्यावं, आई-बाबांसाठी घेऊ नये.

बाल्कनी हवी का? पैसे पुरत असतील तर अलास्का आणि नॉर्वेसाठी जरूर घ्यावी, कारण तिथे प्रवास हेच पाहण्यासारखं असतं. हिमनदीसमोर जहाज तास-दीड तास उभं राहतं आणि थंडीत वरच्या डेकवर गर्दीत उभं राहणं म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. भूमध्य समुद्रात दिवस बंदरात जातो आणि रात्री बाहेर काळोख असतो, तिथे खिडकीची खोली पुरते. आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत दिवस उजाडला की नाही तेच कळत नाही. पण झोप मात्र गाढ लागते. वृद्धांना रात्री उठल्यावर दिशा चुकते, म्हणून अशा खोलीत न्हाणीघराचा दिवा लावून दार किंचित उघडं ठेवावं. न्हाणीघराच्या दाराशी बहुतेक जहाजांवर उंच उंबरा असतो, त्याला अडखळून पडणारे बरेच.

बोट लागण्याचं मूळ कानात आहे. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळे म्हणतात समोरची भिंत स्थिर आहे. मेंदूला मेळ बसेना झाला की मळमळ सुरू होते. म्हणून खोलीत पडून मोबाईल पाहणं सर्वांत वाईट, आणि डेकवर येऊन क्षितिजावर नजर लावणं सर्वांत चांगलं. गोळी घ्यायची तर उलटी सुरू झाल्यावर नव्हे, निघण्याआधी घ्यावी. आपल्याकडे ॲव्होमिन घरोघरी माहीत आहे, तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना या जातीच्या बऱ्याच गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे वडिलांसाठी गोळी घेताना आपल्या डॉक्टरांना विचारणं आवश्यक. आल्याचा तुकडा, सुंठ-साखर यांचा काहींना उपयोग होतो. जहाजावर मागितलं तर हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं देतात. पोट रिकामंही ठेवू नये आणि गच्चही भरू नये.

समुद्र कुठला आणि महिना कुठला, यावरही सगळं अवलंबून असतं. अरबी समुद्र पावसाळ्यात खवळतो आणि डिसेंबर-जानेवारीत तळ्यासारखा असतो. मुंबईहून निघणाऱ्या फेऱ्यांचा हंगाम त्यामुळेच पावसाळ्यानंतर सुरू होतो. बिस्केचा उपसागर, टास्मान समुद्र ही नावं वेळापत्रकात दिसली तर सावध व्हावं. अलास्काला जायचं असेल तर आणखी एक बारकावा आहे. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं बहुधा बेटांच्या आडोशाने, ‘इनसाइड पॅसेज’ नावाच्या शांत पाण्यातून जातात. सिएटलहून निघणारी व्हँकुव्हर बेटाला बाहेरून वळसा घालून खुल्या पॅसिफिकमधून जातात. सिएटलला विमानभाडं कमी पडतं म्हणून मुलं तिथून तिकीट काढतात आणि पहिल्याच रात्री आईला बोट लागते.

आता कागद, कारण सर्वांत मोठा हिरमोड तिथे होतो. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी फेरी पूर्ण अमेरिकेतली वाटते. पण अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या अमेरिकी बंदरांमधून प्रवासी नेता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर लागतंच. आणि बहुतेक क्रूझ जहाजांवर झेंडा असतो बहामाज, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टाचा. म्हणून ही जहाजं परतताना काही तासांसाठी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्या आई-बाबांकडे अमेरिकेचा व्हिसा असतो, कॅनडाचा नसतो, आणि धक्क्यावरच्या खिडकीशी त्यांना परत पाठवलं जातं. तिथे रडून-भांडून काही होत नाही, पैसेही सहसा परत मिळत नाहीत. युरोपातही तेच. बार्सिलोना किंवा अथेन्सहून निघालेलं जहाज मध्ये तुर्कस्तानात गेलं की शेंगेन क्षेत्राबाहेर पडलं. परत ग्रीसला येताना ती दुसरी प्रवेशनोंद होते, म्हणून एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनहून निघालं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि परत येण्याची मुभा वेगळी पाहावी लागते. सिंगापूरहून पेनांग-फुकेत करून परतताना पुन्हा सिंगापूरचीच हद्द ओलांडायची असते. व्हिसाचे नियम सारखे बदलतात. प्रवास कंपनीच्या माणसाने ‘लागत नाही’ म्हटलं तरी त्या त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ स्वतः पाहावं. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर किमान सहा महिने शिल्लक असावी.

आणि जहाज सुटायच्या दिवशी सकाळी विमानाने पोहोचायचं, हा बेत कधीच करू नये. आदल्या दिवशी त्या शहरात पोहोचावं. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाचवण्यासाठी सगळी सहल धोक्यात घालण्यात काय शहाणपण आहे?

दराच्या जाहिरातीकडे वळू. जो आकडा मोठ्या अक्षरांत असतो तो एका माणसाचा असतो, आणि एका खोलीत दोघं राहतील असं धरून. एकट्या प्रवाशाला बहुधा जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. आई एकटी असेल तर तिला मुलीच्या खोलीत तिसरी म्हणून घेणं किंवा मैत्रिणीबरोबर पाठवणं हाच मार्ग. त्या आकड्यावर बंदरकर आणि सेवाशुल्क चढतं. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर सेवाशुल्क दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर असतं. १८ धरले तरी दोघांचे सात दिवसांचे २५२ डॉलर झाले. इंटरनेट वेगळं, शीतपेयं आणि मद्य वेगळं, खास उपाहारगृहं वेगळी, बंदरावरच्या सहली तर सर्वांत महाग. साधं पाणी, चहा, कॉफी, मुख्य भोजनगृह आणि बुफे एवढं भाड्यात येतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या आई-वडिलांना त्याहून जास्त लागत नाही. जहाजावर रोख चालत नाही. खोलीच्या कार्डावर खर्च चढतो आणि शेवटी क्रेडिट कार्डातून वळता होतो. डेबिट कार्ड देऊ नये, कारण अनामत म्हणून खात्यातले खरे पैसे अडकून पडतात आणि सुटायला दिवस लागतात.

ते सेवाशुल्क काढून टाकता येतं, असं सांगणारे हुशार लोक भेटतात. माझी विनंती आहे, तसं करू नका. खोली आवरणारा, ताट वाढणारा, भांडी घासणारा माणूस सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर असतो, आणि त्या काळात त्याला आठवड्याची अशी सुट्टी नसते. २००६च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती त्याला मिळालीच पाहिजे असं ठरवलं. भारतानेही २०१५ साली तो करार मान्य केला. उरलेल्या तासांत तो आपल्यासाठी राबत असतो. आणि तो बरेचदा आपल्याच किनाऱ्यावरचा असतो. गोव्याच्या साष्टी-बारदेशातल्या कितीतरी घरांचे कर्ते बोटीवर आहेत, मुंबईचे आणि कोकणातलेही आहेत. फेब्रुवारी २०२०मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज करोनामुळे अडकलं तेव्हा त्यावरच्या ३,७११ माणसांत १३८ भारतीय होते, आणि त्यांतले १३२ कर्मचारी. प्रवासी खोल्यांत बंद असताना त्यांच्या दाराशी जेवण पोहोचवणारे हेच.

त्यांच्याशी ओळख झाली की जेवणाचा प्रश्नही सुटतो. शाकाहारी किंवा जैन जेवण तिकीट काढतानाच नोंदवावं, आणि पहिल्या रात्री मुख्य भोजनगृहातल्या प्रमुख वाढप्याला पुन्हा सांगावं. उद्यासाठी डाळ-भात, भाजी, पोळी मिळेल का असं आदल्या रात्री विचारलं तर बऱ्याच जहाजांवर आनंदाने करून देतात. ऐनवेळी मागितलं तर जमत नाही. अंडं, जिलेटिन आणि पूर्वेकडच्या पदार्थांतला माशाचा सॉस यांबद्दल मात्र प्रत्येक वेळी विचारून घ्यावं. मधुमेह असेल तर संध्याकाळी सहाच्या सुमाराची पहिली पंगत निवडावी. दुसरी पंगत आठ-साडेआठला बसते आणि जेवण दीड तास चालतं.

घरून काय न्यायचं यावर घरोघरी वाद होतात. मेतकूट, चिवडा, खाकरा असे कोरडे, बंद पाकिटातले पदार्थ बहुतेक जहाजांवर चालतात. घरी शिजवलेलं अन्न चालत नाही. बंदरावर उतरताना मात्र पर्समध्ये खाण्याचं काही ठेवू नये. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये बुफेतून उचललेलं एक सफरचंदही दंडाला कारण होतं. विजेची किटली, इस्त्री, समई, उदबत्ती, निरांजन हे सारं जहाजावर जप्त होतं. यात जाचकपणा काही नाही. समुद्रात आगीइतकी भयंकर गोष्ट दुसरी नसते, पळायला जागाच नसते. विद्युतदाब नियंत्रक असलेला एक्स्टेन्शन बोर्डही याच कारणाने वर्ज्य: जहाजाची वीजव्यवस्था जमिनीवरच्या घरापेक्षा वेगळी असते, आणि असे बोर्ड तिथे बिघाडाच्या वेळी तापून पेटू शकतात. देवाची पूजा मानसपूजा म्हणून होऊ द्यावी.

आता बंदरं. इथे लोक सर्वांत जास्त फसतात, कारण वेळापत्रकात लिहिलेलं शहर आणि प्रत्यक्ष धक्का यांत कधी कधी फार अंतर असतं. ‘रोम’ म्हणजे चिविताव्हेकिया, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लॉरेन्स सुमारे नव्वद. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळजवळ दोनशे. ‘बँकॉक’ म्हणजे लेम चाबांग, शंभरावर किलोमीटर. आपल्या गोव्याचंही तेच, जहाज लागतं मुरगावला. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. सकाळी सातला जहाज लागलं आणि संध्याकाळी सातला सुटणार असलं, तरी उतरता उतरता आठ वाजतात आणि सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी वर असावं लागतं. त्यातून जाण्या-येण्याचे तीन तास वजा केले तर रोमसाठी सात-साडेसात तास उरतात. एवढ्यात व्हॅटिकन आणि कलोसियम दोन्ही करायला निघालेली आजी-आजोबांची जोडी मी पाहिली आहे. दोन्हीकडे त्यांनी रांगाच पाहिल्या. रोमला एकच जागा निवडावी. किंवा रोम पुढे कधीतरी स्वतंत्रपणे करावं आणि त्या दिवशी चिविताव्हेकियातच समुद्रकाठच्या रस्त्यावर फिरून यावं.

वेळापत्रकात आणखी एक शब्द शोधायचा, तो ‘टेंडर’. याचा अर्थ जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. कोकणच्या बोटीने मालवण-वेंगुर्ल्याला गेलेल्यांना हे नवं नाही, तेव्हा पडावातून उतरावं लागायचं. हलत्या होडीत पाय टाकणं वृद्धांना अवघड जातं, आणि लाटा असल्या तर चाकांच्या खुर्चीला परवानगीच मिळत नाही. ग्रीसच्या सांतोरिनीला असंच उतरायचं, आणि मग वरच्या गावात जायला केबलकारची रांग किंवा सुमारे ६०० पायऱ्या. उन्हाळ्यात एका दिवशी अनेक जहाजं आली की ती रांग दोन दोन तासांची होते. गर्दी इतकी वाढली की २०२५ सालापासून तिथे क्रूझने येणाऱ्या प्रवाशांची रोजची मर्यादा ८,००० ठरवली गेली. लक्षद्वीपलाही जहाज बाहेर थांबतं, समुद्र खवळला तर उतरणं रद्द होतं. कप्तानाला कुठलंही बंदर गाळण्याचा अधिकार असतो आणि तिकिटाच्या अटींत तो लिहिलेला असतो. एकाच बेटासाठी सगळी फेरी ठरवली असेल तर हे मनाशी धरून ठेवावं.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतः टॅक्सी करावी? धक्का गावातच असेल, जसं अलास्कात जुनो किंवा केचिकनला, तर स्वतः फिरावं, पैसे वाचतात. अंतर मोठं असेल तर जहाजाची सहल घ्यावी, कारण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण स्वतः गेलो आणि उशीर झाला तर थांबत नाही. मार्च २०२४मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’ जहाजाच्या आठ प्रवाशांना खासगी सहलीहून परतायला उशीर झाला. जहाज नांगरलेलं समोर दिसत होतं, तटरक्षकांनी त्यांना होडीने जवळही नेलं, पण त्यांना वर घेतलं नाही. मग त्यांनी देशामागून देश पालथे घालत गाम्बिया गाठलं, तर तिथे भरती-ओहोटीमुळे जहाज लागलंच नाही. शेवटी ते सेनेगलमध्ये जहाजाला भेटले. त्यांत वयस्कर होते, तब्येतीने नाजूकही होते. म्हणून घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावं. मोबाईल उतरताच स्थानिक वेळ दाखवू लागतो आणि ती कधी कधी तासाने वेगळी असते. रोज खोलीत येणाऱ्या पत्रकावर त्या बंदरातल्या जहाजाच्या एजंटचा दूरध्वनी क्रमांक असतो, त्याचा फोटो काढून ठेवावा. पासपोर्टची छायाप्रत आणि एक दिवसाची औषधं जवळ असावीत.

कमी चालू शकणाऱ्यांसाठी मला अलास्काइतका मार्ग कुठलाच आवडत नाही. स्कॅगवेला धक्क्यापासूनच ‘व्हाइट पास’ची छोटी रेल्वे निघते. सोन्याच्या शोधात धावलेल्यांसाठी १८९८ ते १९०० या काळात बांधलेली ही अरुंद रुळांची गाडी वीस मैलांत समुद्रसपाटीपासून जवळजवळ तीन हजार फूट चढते. खिडकीशी बसून दरी, धबधबे आणि जुन्या पायवाटेच्या खुणा दिसतात. जुनोपासून मेंडेनहॉल हिमनदी वीसेक किलोमीटरवर आहे. ग्लेशियर बेमध्ये तर उतरायचंच नसतं. त्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश आहे. उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात, आणि कड्यासारखा बर्फ पाण्यात कोसळताना आपण ब्लँकेट पांघरून पाहतो. विजेचा प्रकाश आधी दिसतो तसा आधी बर्फ पडलेला दिसतो, गडगडाट नंतर ऐकू येतो.

औषधांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालांकडे द्यायच्या असतात आणि त्या खोलीशी पोहोचायला संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट, चष्मा, स्वेटर, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत. औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह, प्रवासापेक्षा चार-पाच दिवस जास्तीची. इन्सुलिनसाठी खोलीतल्या छोट्या शीतकपाटावर विसंबू नये. बऱ्याच जहाजांवर ते फक्त गार ठेवतं, पुरेसं थंड ठेवत नाही. खोली आवरणाऱ्याला सांगितलं तर योग्य फ्रिजची सोय होते. जहाजावरचा दवाखाना ईसीजी, एक्स-रे, सलाइन, ऑक्सिजन देऊ शकतो. हृदयविकाराचा झटका आलेल्याला स्थिर करू शकतो. पण अँजिओप्लास्टी तिथे होत नाही. म्हणून अलीकडेच हृदयाचं दुखणं झालेल्यांनी महासागर ओलांडणाऱ्या फेऱ्या टाळून किनाऱ्यालगतचे, दररोज बंदर असलेले मार्ग घ्यावेत. भर समुद्रात हेलिकॉप्टरचा पल्लाही पोचत नाही. उपचारांचं बिल शेकडो डॉलरपासून सुरू होतं आणि आपला घरचा मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही. प्रवासविमा घ्यावा, त्यात क्रूझ आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च स्पष्ट असावा, आणि रक्तदाब-मधुमेह लपवू नये, नाहीतर दावा नेमका तिथेच फेटाळला जातो.

साथीच्या बाबतीत एकच गोष्ट महत्त्वाची. जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर दारातलं सॅनिटायझर फारसं काम करत नाही. साबण आणि वाहतं पाणी, जेवणाआधी प्रत्येक वेळी. बुफेतला चिमटा हातात घेतल्यावर, पोळीला हात लावण्याआधीही.

मोबाईल जहाज सुटताच विमान-मोडवर टाकावा. खोल समुद्रात तो जहाजाच्या उपग्रह जाळ्याला आपोआप जोडला जातो आणि घरी आल्यावर बिल पाहून डोळे पांढरे होतात. वाय-फाय घेतलं तर तेवढंच चालू करावं.

पहिल्याच दिवशी सुरक्षेची कवायत असते, तिच्यात टंगळमंगळ करू नये. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या अनेकांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच व्हावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आवाज आई-बाबांनी ओळखावा, आणि आपली जमण्याची जागा लिफ्ट न वापरता एकदा चालून पाहावी. संकटात लिफ्ट चालत नाही आणि ज्याला जिना उतरता येत नाही त्याला मदत लागते. तशी नोंद स्वागतकक्षात करून ठेवली तर माणूस नेमून देतात.

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, चपला, कवळी, औषधं चुकून त्यांत जातात आणि माणूस रात्रीच्या कपड्यांत अडकतो, म्हणून सगळं बाजूला काढून मगच बॅग बंद करावी. त्याच रात्री खर्चाचा हिशेब पाहून घ्यावा, सकाळी स्वागतकक्षाशी मोठी रांग असते. उतरणं गटागटाने होतं, पुढे इमिग्रेशन आणि सामान. त्यामुळे दुपारी एकच्या आधीचं विमान घेऊ नये. चाकांची खुर्ची हवी असेल तर तीही आदल्या दिवशीच सांगून ठेवावी, म्हणजे सकाळी नऊच्या आत ती खोलीच्या दाराशी येते.